अ‍ॅनिमेसारखी चित्रं काढली तर स्वतःची शैली तयार होत नाही का?

मोठे चमकदार डोळे, टोकदार हनुवटी, नाकाच्या जागी एक ठिपका आणि वाऱ्यावर उडणारे केस. इन्स्टाग्रामवर आपली चित्रं टाकणाऱ्या अनेक शाळकरी आणि कॉलेजमधल्या मुलांच्या पेजवर असा एखादा चेहरा दिसतोच. खालच्या कमेंट्सही साधारण ठरलेल्या असतात. कुणी 'भारी' म्हणतं, कुणी 'माझंही काढून दे ना' म्हणतं आणि एखादा जण विचारतो, 'चित्र छान आहे, पण यात तुझं स्वतःचं काय?'

घरात आणि चित्रकलेच्या वर्गातही हा प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. 'कार्टून काढणं पुरे, आता खरं चित्र काढ,' असं ऐकलं की काही मुलं वहीच मिटून ठेवतात. काही जण उलट हट्टाला पेटतात आणि वर्षानुवर्षं तोच चेहरा काढत राहतात. दोन्हींत नुकसान चित्र काढणाऱ्याचंच होतं.

अ‍ॅनिमे आणि स्वतःची शैली या खरंच एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत का? याचं उत्तर शोधायचं तर अ‍ॅनिमेची ती ओळखीची रेषा मुळात आली कुठून, हे आधी पाहायला हवं.

'अ‍ॅनिमे शैली' अशी एकच शैली आहे का?

नाही. जपानमध्ये 'अ‍ॅनिमे' हा शब्द कुठल्याही अ‍ॅनिमेशनसाठी वापरतात आणि 'मांगा' म्हणजे कॉमिक्स. जपानबाहेर मात्र या दोन्हींतून दिसणाऱ्या चित्रपद्धतीला सरसकट 'अ‍ॅनिमे स्टाइल' म्हटलं जातं.

प्रत्यक्षात या एका नावाखाली फार वेगवेगळी चित्रं येतात. काट्सुहिरो ओतोमो यांच्या 'अकिरा' या १९८८ सालच्या चित्रपटातली माणसं पाहिली, तर त्यांचे डोळे लहान आहेत आणि चेहरे बरेचसे खऱ्या जपानी माणसांसारखे आहेत. 'डोरेमॉन' गोलागोलांचा बनलेला आहे. एइचिरो ओदा यांच्या 'वन पीस'मध्ये हातपाय रबरासारखे ताणलेले आणि चेहरे मुद्दाम वेडेवाकडे केलेले दिसतात. इसाओ ताकाहाता यांचा २०१३ सालचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' तर कुंचल्याच्या तुटक रेषा आणि जलरंगाच्या फिकट छटांमध्ये घडतो.

ही चारही उदाहरणं अ‍ॅनिमे आणि मांगाच्याच जगातली आहेत, तरी एकाचं चित्र दुसऱ्याचं समजण्याची चूक कुणी करणार नाही. म्हणजे अ‍ॅनिमेच्या चौकटीत राहूनही स्वतःची शैली असू शकते. ज्याला सहसा 'अ‍ॅनिमे स्टाइल' म्हटलं जातं, ती या सगळ्यांतली सर्वांत जास्त वापरली गेलेली, सरासरी रेषा असते.

मोठे डोळे आले कुठून?

या प्रश्नाचं उत्तर देताना ओसामू तेझुका (१९२८–१९८९) यांचं नाव टाळता येत नाही. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या माणसाने आधुनिक मांगाचा पाया घातला असं मानलं जातं. त्यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ची मांगा १९५२ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी १९६३ पासून त्यावरची अ‍ॅनिमे मालिका जपानी टीव्हीवर दाखवली जाऊ लागली.

तेझुकांवर अमेरिकन अ‍ॅनिमेशनचा मोठा प्रभाव होता. डिस्नेचा 'बॅम्बी' त्यांनी अनेकदा पाहिला होता आणि पुढे त्यावर मांगाही काढली. 'बेटी बूप'सारख्या पात्रांचे मोठे, गोल डोळे त्यांच्या चित्रांत उतरले. त्यांचं लहानपण ताकाराझुका या गावात गेलं. तिथली नाटक मंडळी प्रसिद्ध आहे. तिच्यात सगळ्या भूमिका स्त्रिया करतात आणि दूरच्या प्रेक्षकालाही भाव दिसावेत म्हणून डोळ्यांची रंगभूषा ठळक असते. त्याचीही छाप तेझुकांच्या पात्रांवर दिसते.

थोडक्यात, आज जी रेषा 'अस्सल जपानी' वाटते, ती एका चित्रकाराने अमेरिकेतली कार्टून आणि आपल्या गावातलं नाटक यांतून उचलून घडवली. तेझुकांना 'हे तर डिस्नेचं आहे, यात तुझं काय?' असं विचारता आलं असतं. त्यांनी उचललेल्या गोष्टी वेगळ्या कामासाठी वापरल्या. लांबलचक, गंभीर, भावनांनी भरलेल्या कथा कागदावर सांगण्यासाठी त्यांना बोलके डोळे हवे होते.

पुढे मुलींसाठीच्या मांगाने हे डोळे आणखी मोठे केले आणि त्यांत चांदण्या भरल्या. ही मासिकं मुख्यतः काळ्या-पांढऱ्या छपाईत निघत. रंग नसताना मनातली घालमेल दाखवायची, तर डोळ्यांवर भर देणं हा सोपा आणि परिणामकारक उपाय होता.

कमी रेषांमागचं गणित

दुसरं कारण पैशाचं आणि वेळेचं आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. भरपूर खर्च करून केलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एका सेकंदासाठी १२ किंवा २४ चित्रं काढली जातात. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा, तर टीव्ही मालिकेला हे परवडत नाही. म्हणून जपानी टीव्ही अ‍ॅनिमेत एकच चित्र तीन फ्रेमपर्यंत वापरण्याची पद्धत रुळली. म्हणजे सेकंदाला साधारण ८ चित्रं. अनेकदा पूर्ण चेहरा स्थिर राहतो आणि फक्त ओठ किंवा केस हलतात.

त्यातही ही चित्रं एकटा माणूस काढत नाही. एकच पात्र अनेक जणांच्या हातून जातं. ते प्रत्येक दृश्यात सारखं दिसावं म्हणून मॉडेल शीट बनवतात. तिच्यात पात्र समोरून, बाजूने, मागून कसं दिसतं, हसताना आणि रागावल्यावर चेहरा कसा होतो, हे ठरवलेलं असतं. वेगवेगळ्या हातांतून आलेली चित्रं एकसारखी करण्यासाठी 'साकुगा कांतोकु' म्हणजे चित्रांवर देखरेख करणारा खास माणूस असतो.

हे समजलं की अ‍ॅनिमेच्या अनेक सवयींचा उलगडा होतो.

- नाक ठिपक्याइतकं, कारण शेकडो चित्रांत नाकाचा नेमका आकार सांभाळणं अवघड असतं.
- केस सुटे नसून झुपक्यांचे, कारण झुपका पुन्हा पुन्हा तसाच काढता येतो.
- सावली दोनच छटांत आणि तिची कड स्पष्ट, कारण पारदर्शक सेल्युलॉइडवर सपाट रंग भरण्याच्या काळातली ती सोय होती.
- प्रत्येक पात्राच्या केसांचा आकार आणि रंग वेगळा, कारण चेहरे सारखे असले तरी पात्र लगेच ओळखू यायला हवं.

यातली प्रत्येक गोष्ट एखाद्या अडचणीवर शोधलेला तोडगा आहे. अ‍ॅनिमे शैली म्हणजे असे तोडगे एकत्र येऊन बनलेली भाषा. शिकणाऱ्याला ती तयार स्वरूपात मिळते. त्यामागची अडचण मात्र त्याच्यासमोर आलेलीच नसते.

मग नक्कल करणं चुकीचं आहे का?

नाही. चित्रकला शिकण्याची ती सर्वांत जुनी पद्धत आहे. जपानी चित्रकार होकुसाई यांच्या रेखाटनांचा 'होकुसाई मांगा' हा संग्रह १८१४ पासून छापला जाऊ लागला आणि त्याचे एकूण १५ खंड निघाले. माणसं, प्राणी, झाडं, लाटा, अवजारं अशा असंख्य गोष्टी त्यात आहेत. शिकणाऱ्यांनी ती चित्रं बघून सराव करावा, हाच त्यामागचा एक हेतू होता.

युरोपातही तेच झालं. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांवरून तैलरंगात चित्रं केली. फुललेली आलुबुखारची बाग आणि पावसातला पूल ही त्यांतली दोन प्रसिद्ध चित्रं. सपाट रंग आणि ठळक कडा त्यांनी तिथून घेतल्या. पुढे त्या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या चित्रांत मुरल्या.

आपल्याकडे आर. के. लक्ष्मण यांच्यावर ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा प्रभाव होता. तरीही चौकड्यांच्या कोटातला त्यांचा 'कॉमन मॅन' पाहिल्यावर कुणाला लो आठवत नाहीत. 'वन पीस'चे ओदा हे 'ड्रॅगन बॉल'च्या अकिरा तोरियामांना आपला आदर्श मानत आले आहेत. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर नातं दिसतं, पण कोणतं कुणाचं हे लगेच कळतं.

या सगळ्यांनी नक्कल केली, पण ते तिथेच थांबले नाहीत.

अडचण नेमकी कुठे येते?

तयार उत्तर पाठ केलं की गणिताचा पेपर बदलल्यावर मुलगा अडतो. चित्रातही तसंच होतं. फक्त अ‍ॅनिमेवरूनच चित्र काढायला शिकलेल्यांच्या वहीत काही खुणा वारंवार दिसतात.

- चेहरा नेहमी एकाच बाजूला थोडा वळलेला असतो. दुसऱ्या बाजूला वळवला की डोळे वरखाली होतात.
- हात खिशात, पाठीमागे किंवा चित्राच्या चौकटीबाहेर असतात.
- सगळ्या पात्रांचा चेहरा एकच, केस तेवढे वेगळे.
- म्हातारी, जाडी, टक्कल पडलेली माणसं जवळपास नसतातच.
- उभं राहिलेलं पात्र जमिनीवर टेकलेलं वाटत नाही, कारण वजन कुठल्या पायावर आहे हे ठरवलेलंच नसतं.

यामागचं कारण सोपं आहे. अनुभवी मांगा चित्रकार नाकाच्या जागी ठिपका देतो, तेव्हा नाकाचा उंचवटा कुठे आहे हे त्याला माहीत असतं. माहीत असलेल्या गोष्टींतून त्याने काय गाळायचं ते ठरवलेलं असतं. शिकणारा मात्र फक्त ठिपका पाहतो. त्यामुळे चेहरा जरा वर उचलला की ठिपका कुठे द्यायचा, हे त्याला कळत नाही.

'अ‍ॅनिमे काढू नको' असं सांगणाऱ्या शिक्षकांच्या म्हणण्यात तथ्य असतं ते इथे. पण त्यांचा सल्ला अर्धवट राहतो. रेषा मोठ्या डोळ्यांची आहे म्हणून मुलगा अडलेला नसतो. खऱ्या माणसाकडे पाहून त्याने पुरेसा सराव केलेला नसतो, म्हणून तो अडतो. नुसती छायाचित्रं किंवा नुसती देवादिकांची कॅलेंडरं पाहून चित्र काढणाराही असाच अडतो.

स्वतःची शैली म्हणजे काय?

अनेकांना वाटतं की शैली ही आधी शोधायची आणि मग वापरायची गोष्ट आहे. त्यासाठी दर महिन्याला रेषा बदलून पाहिली जाते. प्रत्यक्षात शैली म्हणजे काय ठेवायचं, काय गाळायचं आणि काय वाढवायचं, याबद्दल चित्रकार पुन्हा पुन्हा घेत असलेले निर्णय. ते निर्णय साठत गेले की त्यांना ओळखीचं रूप येतं.

जामिनी रॉय (१८८७–१९७२) यांचं उदाहरण याबाबतीत बोलकं आहे. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत ते पाश्चात्त्य पद्धतीची वास्तवदर्शी चित्रकला शिकले आणि तशी व्यक्तिचित्रं काढून कमाईही करत होते. १९२० च्या दशकात ते कालीघाटची पटचित्रं आणि बंगालच्या लोककलेकडे वळले. जाड वळणदार रेषा, मोजके सपाट रंग आणि बदामाच्या आकाराचे मोठे डोळे ही त्यांची ओळख बनली. त्यांनीही चेहऱ्यातलं बरंच काही गाळलं आणि डोळे मोठे केले. तेझुकांनीही डोळे मोठेच केले होते, पण दोघांची कारणं वेगळी होती, म्हणून चित्रंही वेगळी झाली.

दुसरं उदाहरण डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांचं. वारली चित्रांचे नियम अ‍ॅनिमेपेक्षा कडक म्हणावे लागतील. माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, डोकं म्हणजे गोल, रंग तांदळाच्या पिठाचा पांढरा. लग्नाच्या वेळी भिंतीवर ही चित्रं काढण्याचा मान परंपरेने स्त्रियांचा. म्हसे यांनी तीच भाषा विधीच्या बाहेर आणली आणि शेती, मासेमारी, गोष्टी, रोजचं जगणं अशा विषयांसाठी वापरली. त्रिकोण सर्वांचे सारखेच होते, पण त्यांतून गर्दी, हालचाल आणि मोकळी जागा कशी मांडायची हे म्हसे यांचं स्वतःचं होतं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे उसन्या किंवा परंपरेने मिळालेल्या चित्रभाषेतही आपला आवाज सापडू शकतो. 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर'चे हिरोहिको अराकी यांची पात्रं १९८७ च्या सुमारास त्या काळातल्या इतर मारधाडीच्या मांगांसारखीच पिळदार होती. पुढे इटालियन शिल्पं, फॅशनची रेखाटनं आणि पॉल गोगँ यांचे रंग त्यांच्या कामात येत गेले आणि आज त्यांचं पान दुरूनही ओळखता येतं. अशा बदलाला वर्षं जातात.

सराव कसा करता येईल?

अ‍ॅनिमे आवडणाऱ्याने ते सोडून देण्याची गरज नाही. आवडीच्या चित्रांसोबत पुढच्या काही गोष्टी केल्या तर फरक पडतो.

१. रेषेमागचं कारण शोधणं. आवडत्या पात्राचा चेहरा घ्यायचा आणि आरशात आपला चेहरा त्याच कोनातून पाहायचा. चित्रकाराने कुठली रेषा ठेवली, कुठली गाळली, याची यादी करायची.

२. एकच माणूस तीन वेळा काढणं. घरातली आजी समोर बसवून आधी दिसते तशी काढायची. मग आवडत्या मांगाच्या पद्धतीने काढायची. तिसऱ्यांदा समोर काहीही न ठेवता, फक्त महत्त्वाचं वाटतं तेवढंच काढायचं. तिसऱ्या चित्रात जे उरतं, ते चित्र काढणाऱ्याच्या निवडीचं असतं.

३. तयार उत्तर नसलेले विषय घेणं. एसटी स्टँडवर गाठोड्यावर बसलेली बाई, नऊवारीचा काष्टा, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, लोकलच्या दारात लटकलेली गर्दी. नऊवारीच्या निऱ्या अ‍ॅनिमेच्या रेषेत कशा दाखवायच्या, याचं तयार उत्तर सहसा हाताशी नसतं. ते स्वतः शोधावं लागतं, आणि स्वतःची शैली घडायला सुरुवात होते ती अशा ठिकाणी.

४. प्रभावांची संख्या वाढवणं. एकाच चित्रकाराची नक्कल केली की ती लगेच दिसते. एक मांगा चित्रकार, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं रंगवणारे दीनानाथ दलाल, शब्दांशिवाय हसवणारे शि. द. फडणीस आणि एखादी लोककला, असं एकत्र वाचलं-पाहिलं की हाताला जास्त पर्याय मिळतात.

५. वहीवर तारीख घालणं. शैली बदलतेय हे रोज कळत नाही. सहा महिन्यांपूर्वीचं पान शेजारी ठेवलं की दिसतं.

तिसऱ्या मुद्द्याचं मोठ्या प्रमाणावरचं एक उदाहरण भारताने पाहिलेलं आहे. युगो साको आणि मुंबईतले ज्येष्ठ अ‍ॅनिमेटर राम मोहन यांनी जपानी कलाकारांसोबत केलेला 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स रामा' हा चित्रपट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये भारतात पुन्हा प्रदर्शित झाला. अ‍ॅनिमेच्या रेषेत धोतर, दागिने, मुकुट आणि हातांच्या मुद्रा बसवताना ती रेषाही बदलली. म्हणूनच ती पात्रं अ‍ॅनिमेतली असूनही वेगळी वाटतात.

प्रवेश आणि कामाच्या वेळी काय उपयोगी पडतं?

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत वस्तू पाहून काढायचं चित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा समावेश असतो. कला महाविद्यालयांच्या पदवी प्रवेशासाठीच्या सीईटीतही वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असतं. तिथे नुसत्या अ‍ॅनिमे चेहऱ्यांचा सराव पुरत नाही.

अ‍ॅनिमेशन किंवा गेमच्या स्टुडिओत मात्र गोष्ट थोडी वेगळी असते. तिथे दुसऱ्याने ठरवलेल्या मॉडेल शीटप्रमाणे काढता येणं हे कौशल्य मानलं जातं. त्यामुळे दुसऱ्याची शैली हुबेहूब उचलण्याचा सराव वाया जात नाही. पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं किंवा स्वतःचं कॉमिक करायचं असेल, तर स्वतःची ओळखू येणारी रेषा जास्त कामाची ठरते. आपल्याला कुठे जायचं आहे, यावर सरावाचा तोल ठरतो.

शैलीवर कुणाचा हक्क असतो का?

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला किंवा शैलीला संरक्षण देत नाही. प्रत्यक्ष साकारलेल्या कलाकृतीला देतो. १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडलं होतं. म्हणून अ‍ॅनिमे पद्धतीने आपलं पात्र काढायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. एखाद्या मालिकेतलंच पात्र काढून त्याचे टी-शर्ट किंवा पोस्टर विकायचे असतील, तर मात्र हक्कधारकाची परवानगी लागते. सरावासाठी केलेली नक्कल पोस्ट करताना मूळ चित्रकाराचं नाव देणं हा साधा प्रामाणिकपणा आहे.

मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवरून आपले फोटो 'घिबली स्टाइल'मध्ये बदलण्याची लाट आली, तेव्हा हा प्रश्न नव्याने पुढे आला. ती सरासरी, ओळखीची रेषा आता काही सेकंदांत कुणालाही मिळते. त्यामुळे 'अगदी अ‍ॅनिमेसारखं दिसतं' हे कौतुक पूर्वीइतकं मोलाचं राहिलेलं नाही. समोरच्या आजीच्या चेहऱ्यातल्या कुठल्या सुरकुत्या ठेवायच्या आणि कुठल्या सोडायच्या, हे मात्र तिला ओळखणाऱ्यालाच ठरवता येतं.

त्यामुळे 'यात तुझं काय?' या कमेंटला घाबरून मोठे डोळे काढणं थांबवायचं कारण नाही. ते डोळे इतकेच मोठे का, हे काढणाऱ्याला सांगता आलं, की त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला सुरुवात होते.